तळघरातला मोठा आवाज

टीव्ही घ्यायला आम्ही तिघं गेलो होतो. आमचे हे, मी आणि मामा. मामा म्हणजे माझे सासरे. जुना टीव्ही गेला म्हणून नवा घ्यायचा, काम एवढंच. पण मामांनी सांगून टाकलं होतं की आता ते एकटेच गावी जाऊन राहणार. गावी म्हणजे ढोकीच्या पुढं, आमच्या जुन्या घरात. दोन खोल्या, पुढं पडवी, आणि आत माणूस कुणी नाही. ऐंशीच्या घरातला, कानानं बहिरा माणूस तिथं एकटा राहणार, ह्या विचारानं ह्यांची झोप उडाली होती. आणि त्यावर ह्यांनी काढलेला उपाय म्हणजे टीव्ही. चांगला मोठा घेऊ, खाली तळघरात लावू, दादा रमतील, असं ते म्हणाले; वडिलांना हे दादा म्हणतात. माझं मत विचाराल तर कुठल्याही दुःखावर एखादी वस्तू विकत आणली की पुरुषांना काहीतरी केल्यासारखं वाटतं. पण मलाही दुसरं काही सुचत नव्हतं, आणि मामांनी जाऊ नये असं मला ह्यांच्याइतकंच वाटत होतं.

आमचं घर धाराशिवच्या कडेला, उतारावर आहे. प्लॉट रस्त्यापेक्षा बराच खाली होता. भराव टाकण्यापेक्षा खाली एक हॉल काढा, असं मिस्त्री म्हणाला आणि आम्हाला तळघर मिळालं. ज्वारीची पोती, तुरीची पोती, लग्नकार्याची मोठी पातेली, लेकीची लहानपणची सायकल, सगळं तिथं गेलं. पुढं मामा आणि आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, गाव सोडून आमच्याकडं राहायला आले. त्यांच्याबरोबर त्यांचा टीव्ही आला आणि त्या टीव्हीबरोबर त्याचा आवाज आला.

तो आवाज काय होता, हे न ऐकलेल्याला सांगून कळणार नाही. मामा रिमोट हातात घ्यायचे आणि आवाजाची पट्टी पार शेवटपर्यंत नेऊन सोडायचे. बातम्या लागल्या की गल्लीला बातम्या लागायच्या. समोरच्या घरातले निवृत्त हेडमास्तर एकदा मला म्हणाले, "तुमच्याकडं मालिका सुरू झाली की आम्ही आमचा टीव्ही बंद करतो. वीज वाचते." त्यांनी ते हसून म्हटलं, पण मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. महिन्याभरात टीव्ही तळघरात गेला. मामांनी हूं की चूं केलं नाही. खाली गारवा बरा आहे, एवढंच म्हणाले.

मामांचे कान कारखान्यात गेले. तरुणपणी ते लांबच्या एका साखर कारखान्यात उसाच्या गिरणीपाशी कामाला होते. गाळप सुरू झालं की तिथं माणसं एकमेकांशी हातवाऱ्यांनी बोलत, असं ते सांगायचे. हळूहळू ऐकू येणं कमी होत गेलं. पण मोठ्यानं बोललेलं त्यांना ऐकू येतं, असं आम्ही सगळेच धरून चाललो होतो. तोंडासमोर उभं राहून ओरडलं की ते बरोबर उत्तर द्यायचे. म्हणून घरात आम्ही सगळे त्यांच्याशी ओरडून बोलायचो. नव्या माणसाला वाटायचं, ह्या घरात म्हाताऱ्याचा छळ चालू आहे. एका शिबिरातून आणलेलं कानाचं यंत्र त्यांनी दोन दिवस लावलं आणि खरखरतंय म्हणून डबीत ठेवून दिलं.

तळघरात सोफा होता, खुर्ची होती. मामा त्यांच्यावर कधी बसले नाहीत. हॉलच्या मधोमध एक खांब आहे, वर स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातून निघतो तोच. त्या खांबाला पाठ लावून, सतरंजी टाकून ते खाली बसायचे. कंबर धरेल म्हणून मी किती वेळा सांगितलं असेल. "ऱ्हाऊ दे बाई, हितं बरं वाटतंय," म्हणायचे आणि तिथंच बसायचे. म्हातारी माणसं हट्टी असतात, असं म्हणून मी सोडून दिलं.

आणि वर आत्याबाई. त्या स्वयंपाकघरात भाकरी करत असायच्या. खालचा आवाज स्लॅब फोडून वर यायला लागला की त्या उठायच्या, कोपऱ्यातलं लाकडी मुसळ घ्यायच्या आणि खांबापाशी फरशीवर दाणदाण आदळायच्या. फरशी फुटू नये म्हणून तिथं गोणपाटाची घडी कायमची टाकलेली होती. खाली आवाज कमी व्हायचा. त्या येऊन तव्यावरची भाकरी उलटायच्या. अर्ध्या तासानं आवाज पुन्हा चढायचा आणि मुसळ पुन्हा आदळायचं. जेवायला बोलवायचं तरी तेच. मी म्हणायचे, "आत्याबाई, मी जाते खाली, सांगून येते." तर त्या म्हणायच्या, "तू नको उतरू. माजं म्या बगते." मला वाटायचं, जन्मभराचं भांडण आहे, मुरलेलं. दोघांनाही त्याशिवाय करमत नसणार. मी बहुतेक वेळा वैतागलेली असायचे, कारण मुसळाच्या प्रत्येक ठोक्याला माझ्या मांडणीतली भांडी वाजायची.

मग आत्याबाई गेल्या. ताप आला, फुप्फुसात पाणी झालं, आणि आम्ही सोलापूरला हलवेपर्यंत सगळं आटोपलं. सासू म्हणून त्या मला कधी टोचून बोलल्या नाहीत असं नाही, बोलल्या. पण मी शिकवते त्या शाळेतून यायला मला उशीर झाला की माझ्या वाटणीची भाकरी त्या फडक्यात गुंडाळून, डब्यात घालून, वर ताट झाकून ठेवायच्या. ती ऊब हाताला लागली की दिवसभराचा शीण जायचा. आता मी घरी येते आणि स्वतःच तवा ठेवते.

घरात माणूस गेलं की आमच्याकडं वर्षभर टीव्ही लावत नाहीत. मोबाईलला हा नियम अजून कुणी लावलेला नाही, त्यामुळं बाकी सगळ्यांचं निभावलं. मामांकडं मोबाईल नव्हता. ते वर्षभर तळघरात बंद टीव्हीसमोर, खांबाला टेकून बसून राहिले. जेवायला बोलवायला मी खाली जायची आणि खांद्यावर हात ठेवायची. ते दर वेळी दचकायचे. मग माझ्याकडं बघून, ओळख पटल्यावर, हळूच उठायचे.

वर्ष झाल्यावर दुखवटा सोडवायला आत्याबाईंचे भाऊ येरमाळ्याहून आले. हा मान माहेरचा. मामांना टॉवेल-टोपी, मला साडी, घरात गोडाचं जेवण. जेवणं झाल्यावर त्यांनीच टीव्ही लावायचा, म्हणजे घराचे नेहमीचे व्यवहार सुरू झाले असं समजायचं. सगळे खाली उतरलो. मामा खांबापाशी बसले. येरमाळ्याच्या पाहुण्यांनी रिमोट दाबला आणि बातम्या देणारी बाई एकदम इतक्या जोरात ओरडली की आम्ही सगळे हबकलो. पट्टी वर्षापूर्वी जिथं होती तिथंच असणार, शेवटाला. पण पडदा काळाच राहिला. आवाज आहे, चित्र नाही.

"लागंना व्हय?" मामांनी विचारलं.

"आवाज येतोय, दादा," हे ओरडले. "लई मोठा येतोय. चित्र न्हाय."

मामांनी वर पाहिलं. छताकडं. बराच वेळ पाहत राहिले. मला वाटलं, ओल आली आहे ती बघताहेत. मी म्हटलं, पाऊसकाळ संपला की रंगाऱ्याला बोलावू. त्यानंतरच्या आठवड्यात ते ह्यांना म्हणाले, "म्या गावाकडं जातो. हितं माजं काय काम न्हाय."

दुरुस्तीवाल्यानं मागचं झाकण काढून पाहिलं. तळघराच्या दमटपणानं पडदाच गेला होता. नवा घ्या, म्हणाला.

असे आम्ही त्या दुकानात उभे होतो. भिंतभर टीव्ही, आणि सगळ्यांवर एकच समुद्र, एकच पोपट, एकाच वेळी. दुकानातला तरुण भलताच उत्साही. काळा किती काळा दिसतो, हे तो आम्हाला पटवून देत होता. हे मान डोलवत होते, मी इंच मोजत होते. मामा मात्र पुढून बघतच नव्हते. ते एकेका टीव्हीच्या बाजूला जायचे, पाठीवर हात फिरवायचे, आणि हातानं खूण करून आवाज वाढवायला सांगायचे. मग तळवा तसाच टेकवून उभे राहायचे, जनावराच्या पोटाला हात लावून बघतात तसे.

"ह्याला छातीच न्हाय," ते म्हणाले. पुढच्यालाही तेच म्हणाले. पातळ असतात हल्लीचे. मग कोपऱ्यातल्या मोठ्या स्पीकरकडं बोट करून म्हणाले, "त्यो घ्या. आवाज पायजे."

ह्यांनी माझ्याकडं पाहिलं. लेकीचं बारावीचं वर्ष. समोर हेडमास्तर. वर्षभराच्या शांततेची कानांना सवय झालेली. मला एकदम सुचलं आणि मी त्या मुलाला विचारलं, "कानाला लावायचं, बिनवायरचं, ते ह्याला चालतं का?" चालत होतं. त्यानं डबा काढला. मऊ गाद्यांचे मोठे हेडफोन. माझंच मला कौतुक वाटलं. इतकी वर्षं हे कुणाला कसं सुचलं नाही?

मी मामांच्या समोर उभी राहून ओरडले, "मामा, हे कानाला लावायचं. तुम्हाला हवा तेवढा मोठा आवाज करा. कुणाला त्रास नाही."

मामांनी हेडफोन हातात घेऊन उलटासुलटा केला. "कुणालाच न्हाय?"

"कुणालाच नाही."

त्यांनी थोडा वेळ माझ्याकडं पाहिलं. "बरं," म्हणाले.

टीव्ही बसवायला माणूस आला. आवाज फक्त हेडफोनमध्ये जावा म्हणून टीव्हीचा स्वतःचा आवाज त्यानं बंदच करून टाकला. पडदा एवढा मोठा की जवळून बघितला तर डोळे दुखतील, म्हणाला. खांब मध्ये येत होता. म्हणून मागं रेलणारी खुर्ची पार पलीकडच्या भिंतीला ठेवली. पायाखाली स्टूल, अंगावर घ्यायला शाल, हाताशी पाणी. मामा त्या खुर्चीत हेडफोन लावून बसले आणि आम्ही जिन्यात उभे राहून बघत होतो. पडद्यावर माणसं कुस्ती खेळत होती आणि घरात घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. हे म्हणाले, "रमले." मला इतकं बरं वाटलं की मी त्या संध्याकाळी शिरा केला.

आणि खरंच, गावाचं नाव निघालं नाही. दिवाळी झाली, थंडी पडली. मामा वेळेवर खाली जायचे, हेडफोन लावायचे, जेवायच्या वेळेला घड्याळ बघून आपले आपण वर यायचे. कुणी बोलवायचीही गरज राहिली नाही. घरी येणाऱ्याला मी तळघर दाखवायची, सासऱ्यांची सोय कशी केली आहे ते सांगायची. त्यांचं बोलणं मात्र कमी झालं होतं. मुळातच कमी बोलणारे, आणखी कमी बोलू लागले. जेवणही निम्म्यावर आलं. वयाचं असेल, म्हटलं.

एका रविवारी दुपारी मी डाळ काढायला खाली गेले. मामा खुर्चीत होते, हेडफोन कानावर, समोर कुणीतरी केक करत होतं. मामांनी आयुष्यात केक खाल्लेला नाही. पोतं सोडताना माझं लक्ष हेडफोनकडं गेलं. चालू असला की त्याला एक निळा दिवा लागतो. दिवा नव्हता. मी जवळ जाऊन तो त्यांच्या डोक्यावरून काढला, बटण दाबलं. मेलेला होता. चार्जिंगची वायर डब्यात तशीच, प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेरसुद्धा काढलेली नव्हती.

"मामा, हे बंद आहे. कधीपासून बंद आहे?"

"आणल्यापसनं."

माझा पारा चढला. म्हटलं, सांगायचं नाही का, चार्ज कसं करायचं ते कुणी दाखवलं नाही का, इतके दिवस तुम्ही हे मुकं कानाला लावून बसलात कशाला?

"तुमी हौसंनं आणलंय," ते म्हणाले. "काढून ठिवलं तर तुमाला वाईट वाटल."

"पण मग आवाज?"

मामा हसले. फार दिवसांनी हसले. "मला कुटं काय ऐकू येतंय, बाई? कारखाना सुटायच्या आदीच सगळं गेलंय. तू वरडतीस तवा तुजं तोंड नीट दिसतंय, म्हनून समजतंय. आवाज मला भोंग्याचाबी येत न्हाय."

मी पोत्यावर बसले. मग मी विचारलं, ओरडून नाही, कारण ओरडण्यात अर्थच उरला नव्हता. "मग टीव्ही एवढा मोठा का लावत होता?"

"ती आदळायची म्हनून."

मग त्यांनी सांगितलं. एका दमात नाही, टीव्हीकडं बघत, तुटक तुटक. कारखान्याच्या वस्तीत त्यांची खोली माडीवर होती, खाली लाकडी फळ्या. कान गेल्यावर आत्याबाई त्यांना हाक मारायच्या नाहीत, पाय आपटायच्या. फळी हलली की मामा मागं वळून बघायचे. तेवढंच हाक मारणं, तीच सवय. आमच्याकडं आल्यावर टीव्ही खाली, त्या वर. मध्ये स्लॅब. दिवसभर हाक नाही. मग एकदा आवाज फार झाला म्हणून आत्याबाईंनी चिडून मुसळ आदळलं, आणि खांबाला टेकलेल्या मामांच्या पाठीत ते कळलं.

"पट्टी शेवटाला न्हेली की ती आदळनार. मग म्या कमी करायचा. मग जरा येळानं परत. तिलाबी ठावं हुतं." मग म्हणाले, "दुसऱ्यांना त्रास हुतो, ते बी समजत हुतं. पर तेवढंच हुतं आमचं."

दुकानातला त्यांचा प्रश्न मला तिथं पोत्यावर बसल्या बसल्या आठवला. कुणालाच न्हाय? आणि मी किती खुशीत सांगितलं होतं. मला रडू आलं आणि ते मी आवरलं नाही. मामांना त्याचं अवघडल्यासारखं झालं. ते केक बघत बसले.

हे घरी आल्यावर मी सगळं सांगितलं. ते जिन्याच्या पायरीवर बसले. मग म्हणाले, "मी लहानपणापासून त्यांच्याशी ओरडून बोलतोय." दुसऱ्या दिवशी आम्ही खुर्ची उचलली, खांबापाशी सतरंजी टाकली, टीव्ही उतरवून त्या बाजूच्या भिंतीला बसवून घेतला. हेडफोन लेकीला दिले. टीव्हीचा बंद केलेला आवाज सुरू करून मामांच्या हातात रिमोट दिला. मी हेडमास्तरांच्या घरी जाऊन सांगून आले की आता संध्याकाळी आवाज होईल, आणि कशामुळं तेही सांगितलं. ते म्हणाले, होऊ द्या.

संध्याकाळी मामांनी टीव्ही लावला. आधी हळू होता. मग आवाज वाढत गेला, वाढत गेला, पट्टी शेवटाला गेली असणार. नवा टीव्ही छाती नसलेला, तरी मांडणीतल्या वाट्या थरथरायला लागल्या. मी मुसळ घेतलं. गोणपाटाची घडी अजून तिथंच होती. मी आदळलं. खाली आवाज कमी झाला. जेवायच्या वेळी पुन्हा आदळलं, आणि जिन्यावर मामांची पावलं वाजली, कधी नव्हे इतकी झपाझप. ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन थांबले. माझ्याकडं पाहिलं, मुसळाकडं पाहिलं. मग मोरीपाशी जाऊन हात धुतले.

काही दिवस असे गेले. मला वाटलं, जमलं. ह्यांनाही वाटलं. मामा रोज आवाज वाढवायचे असं नाही, पण मी रोज आदळायची. शाळेतून आले की माझं लक्ष त्या ठोक्याकडंच असायचं. ठोका दिला की ते जिना चढून यायचे, दारात थांबायचे, मग हात धुवायला जायचे. त्या थांबण्याकडं मी तेवढं लक्ष दिलं नाही.

एका संध्याकाळी ताटावर बसल्यावर ते म्हणाले, "बाई, उद्यापसनं आदळू नगंस."

मी त्यांच्याकडं पाहिलं.

"तू आदळलंस की म्या उठतो. पाठीत कळतंय ना. जिना चढूस्तवर ती असती. भाकरीचा वास बी येतो. दारात आलं की तू असतीस." त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, पण तोंडात घातला नाही. "तुजा काय दोष न्हाय. तू लई केलंस. पर रोज न्हाय हुईत आता. गावाकडं माती हाय खाली, कोन आदळत बी न्हाय. तिथं वाट बगावी लागनार न्हाय."

ह्यांनी मान वर केली आणि माझ्याकडं पाहिलं. मी काहीतरी बोलेन, नेहमीसारखी ओरडेन, हट्ट करेन, अशी त्यांची अपेक्षा होती. मी ताटावरून उठून मामांच्या समोर जाऊन बसले, माझं तोंड त्यांना नीट दिसेल अशी, आणि अगदी हळू, सावकाश म्हणाले, "जावा, मामा."